तुरुंग की दवाखाना?

मैत्रिणींनो, घरात कुणाला क्षय झाला तर आपण डॉक्टर गाठतो. मधुमेह झाला तर चहातली साखर बंद करतो. पण मुलगा गर्दच्या किंवा हल्लीच्या त्या 'एमडी'च्या नादी लागला असं कळलं, की आधी दाराला कडी लावतो! शेजारी कळू नये, सासरी कळू नये, आणि मुलीचं लग्न ठरायचं असेल तर कुणालाच कळू नये. या सगळ्यापलीकडे आणखी एक भीती असते, ती पोलिसांची. ती निराधार नाही, म्हणूनच आज कायद्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत. कायदा म्हटलं की पान उलटू नका!

आमचं आगाशी हे केळीच्या वाड्यांचं, सुकेळ्यांचं गाव. इथं कुठली आली असली पुडी, असं कुणालाही वाटेल. पण विरार स्टेशन हाकेच्या अंतरावर, आणि लोकल काय फक्त माणसांचीच ने-आण करते? आमच्या आळीतल्या एका वहिनींचा एकवीस वर्षांचा मुलगा पुडीसकट सापडला. पुडीत माल होता ग्रॅमभर. तो विकणारा नव्हता, घेणारा होता. जामीन होईस्तोवर वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या, मुलाची कंपनीतली नोकरी गेली. "सगळं गेलं हो, व्यसन तेवढं राहिलं," असं त्या म्हणत होत्या.

अमली पदार्थांचा केंद्राचा कायदा १९८५ चा आहे. मुंबईत गर्दनं थैमान घातलं, त्याच काळातला. त्याच्या २७ व्या कलमानुसार नुसतं सेवन हादेखील गुन्हा ठरतो. गर्दसारख्या पदार्थासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २००१ च्या दुरुस्तीनंतर जवळ सापडलेल्या मालाची शिक्षा वजनावर ठरू लागली. गर्द ५ ग्रॅमपर्यंत असली तर 'अल्प', २५० ग्रॅमच्या वर गेली तर 'व्यापारी', आणि व्यापारी म्हटलं की कमीत कमी दहा वर्षं. एमडीच्या बाबतीत हेच आकडे २ आणि ५० ग्रॅम आहेत.

आता यातली मेख पाहा. पुडीत भेसळ असतेच. परंतु २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला, की वजन भेसळीसकट धरायचं. रेशनच्या तांदळात खडे निघाले तर आपण भांडतो. इथं मात्र खड्यांचं वजनही घेणाऱ्याच्या माथी! माल जितका निकृष्ट, तितकी त्या पोराची शिक्षा वाढण्याचा धोका जास्त.

याच कायद्यात एक चांगली वाटसुद्धा आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. कलम ६४-अ म्हणतं, की सेवनाचा किंवा अल्प मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे गुन्हा शाबीत झाल्यावरही न्यायाधीश त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतात. आमच्या वहिनींना यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही.

उपचारानं गुण येतो का, अशी शंका मनात येईल. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, हे त्यांनी त्या काळी ठामपणे सांगितलं. तिथून सावरून संसाराला लागलेली माणसं महाराष्ट्रभर आहेत. काही पुन्हा घसरतात, पुन्हा येतात. पण दमेकऱ्याला पुन्हा दम लागला, म्हणून त्याला आपण कोठडीत टाकतो का?

"मग विकणाऱ्यांनाही मोकळं सोडायचं का?" मुळीच नाही. आपल्या विधिमंडळानं जुलै २०२५ मध्ये अमली पदार्थांचा व्यापार 'मकोका'च्या कक्षेत आणणारं विधेयक मंजूर केलं, ते टोळ्यांसाठी. टोळीला मकोका आणि रोग्याला दवाखाना, असा भेद मात्र कायद्यानं स्वच्छ करायला हवा.

धाक गेला तर पोरं अधिकच बिघडतील, असं काहींना वाटतं. चिमाजीअप्पांनी १७३९ साली ज्या फिरंग्यांना वसईतून घालवलं, त्यांच्या पोर्तुगाल देशात काय झालं ते ऐका. तिथं २००१ पासून दहा दिवसांपुरता माल जवळ असणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. सापडलेल्याला तीन जणांच्या समितीपुढं नेतात, आणि गरज असेल तर ती उपचारांकडे वळवते. विकणं तिथं आजही गुन्हाच आहे. देश काही बुडाला नाही; उलट सुईनं नशा करणाऱ्यांमधली एड्सच्या विषाणूची नवी लागण पुष्कळच घटली.

म्हणून मागणं एवढंच, की नुसत्या सेवनासाठी तुरुंग नको, वजन भेसळीचं नको, आणि उपचाराची वाट पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगण्याची सक्ती हवी.

तोवर दोन गोष्टी गाठीशी असू द्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोन क्रमांक फुकट आहे. तसंच १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, मिळकत कितीही असो, स्वतःच्या दाव्यासाठी वकील मोफत मिळतो. अटकेतल्या माणसालाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

आणि पुढच्या वेळी मतं मागायला कुणी उंबऱ्याशी आलं, की चहा जरूर द्या, पण पाणी आणि रस्त्यांबरोबर हेही विचारा, "आमच्या तालुक्यात सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्र कुठं आहे, आणि त्यात खाटा किती?"