‘इन टू द वाइल्ड’, बहिणीच्या बाजूने

‘इन टू द वाइल्ड’ ओव्हररेटेड आहे का? आमच्या घरात हा वाद सात-आठ वर्षं चालू आहे आणि अजून निकाल लागलेला नाही. दादाच्या मते तो जगातला सगळ्यात भारी पिक्चर आहे. माझ्या मते त्यातला अर्धा पिक्चर भारी आहे, आणि लोक नेमके दुसऱ्या अर्ध्याच्या प्रेमात पडतात.

पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. शेवटही सांगणार आहे, कारण गोष्ट खरी आहे आणि शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो. क्रिस्तोफर मॅकँडलेस नावाचा सुखवस्तू घरातला अमेरिकन मुलगा. १९९० साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून पदवी घेतो, साठवलेले सुमारे २४ हजार डॉलर ऑक्सफॅमला देऊन टाकतो, गाडी सोडतो, खिशातल्या नोटा जाळतो आणि ‘अलेक्झांडर सुपरट्रॅम्प’ या नावाने भटकायला लागतो. दोन वर्षांनी, एप्रिल १९९२ मध्ये, अलास्कातल्या स्टॅम्पीड ट्रेलने एकटा आत शिरतो. तिथे एका जुन्या, टाकून दिलेल्या बसमध्ये राहतो आणि साधारण ११३ दिवसांनी, २४ व्या वर्षी, उपाशी मरतो. सप्टेंबरमध्ये शिकाऱ्यांना त्याचा देह सापडला तेव्हा वजन तीसेक किलो भरलं. जॉन क्राकावरने यावर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं आणि शॉन पेनने २००७ मध्ये पिक्चर काढला.

इन्स्टावर या पिक्चरच्या ज्या रील्स फिरतात त्यात काय असतं? बर्फ, बस, टपावर बसलेला एमिल हर्श, मागे एडी व्हेडरचा आवाज. राजीनामा टाकून निघालेल्या प्रत्येक माणसाच्या पोस्टखाली हाच फोटो. पण पिक्चर नीट बघितला तर अलास्का हा त्यातला सगळ्यात एकसुरी भाग आहे. एक मुलगा, एक बस, रोज कमी होत जाणारं पोट. पिक्चर जिवंत होतो तो रस्त्यावर भेटलेल्या माणसांमुळे. शेतावर काम देणारा वेन. आपला स्वतःचा मुलगा निघून गेलाय म्हणून याला जवळ घेणारी, आणि तुझ्या आईवडलांना तू कुठे आहेस हे माहीत आहे का, असं सरळ विचारणारी जॅन. आणि रॉन, एकटा राहणारा म्हातारा. तो क्रिसला नातू म्हणून दत्तक घेऊ का असं विचारतो, आणि क्रिस म्हणतो की अलास्काहून आलो की बोलू. हॅल हॉलब्रुकने हे काम वयाच्या ऐंशीनंतर केलं आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. तो गाडीत बसून डोळे पुसतो ना, तिथे मला दर वेळी रडू येतं. बससाठी एकदाही आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट रील्समध्ये कधीच नसते. हा सगळा पिक्चर आपल्याला एक बहीण सांगत असते. क्रिसची धाकटी बहीण, करीन. तिने भावाला लिहिलेली पत्रं गठ्ठ्याने परत येतात, कारण त्याने पोस्टात तशी व्यवस्था करून ठेवलेली असते, घरच्यांना लवकर पत्ता लागू नये म्हणून. मी पहिल्यांदा पिक्चर बघितला तेव्हा हा गठ्ठा बघून पॉज केला. कारण तोवर आमच्याकडेही हे होऊन गेलं होतं.

दादा पुण्यात आयटीत होता. एके दिवशी नोकरी सोडली, रूम सोडली आणि फोन बंद केला. घरी काही नाही. आम्ही सांगलीत. तेवीस दिवस. बाबा पुण्याला जाऊन मिसिंगची तक्रार देऊन आले. आईने स्वतःचा फोन देवघरात समईशेजारी ठेवला, चार्जरसकट, आणि कोणाचाही फोन आला तरी दुसऱ्या रिंगच्या आत उचलायची. मी त्याचं लास्ट सीन बघायचे. रात्री दोन वाजता, चार वाजता. ते बदलणार नाही हे माहीत असूनही.

तो ओंकारेश्वरजवळ होता. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेल्या काही लोकांबरोबर चालत होता. एका गावात ज्या घरी जेवायला बसला तिथल्या आजींनी ताट वाढता वाढता विचारलं, घरी माहीत आहे का? हा गप्प बसला. आजींनी नातवाचा फोन आणवला आणि म्हणाल्या, आधी आईशी बोल, मग जेव. दादाने लावला. आईने दुसऱ्या रिंगच्या आत उचलला. बस, एवढंच. तिथून तो घरी आला.

म्हणून दादा जेव्हा म्हणतो, ‘मी समजू शकतो क्रिसला,’ तेव्हा मी म्हणते, ‘तुला तुझी जॅन भेटली आणि तू तिचं ऐकलंस. त्याने नाही ऐकलं.’

आपल्याकडे घर सोडून जाणं काही नवीन नाही. वारीला लाखो लोक घर सोडतात, पण दिंडीत. परिक्रमा करणाराही मागे सगळं ठेवून निघतो, पण शिधा मागून खातो. किनाऱ्यावरच्या माणसांच्या जिवावर चालतो आणि ते लपवत नाही. गोनीदांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या परिक्रमेवरच लिहिली. त्या वाटेवर माणसं टाळून पुढे जायची सोयच नाही.

क्रिसचं ‘वाइल्ड’ तरी किती वाइल्ड होतं? ती बस म्हणजे फेअरबँक्स शहराची जुनी सिटी बस, नंबर १४२. १९६०च्या सुमारास रस्ता बांधणाऱ्या कामगारांना राहायला म्हणून ती ओढत तिथे नेली होती. जुलैमध्ये क्रिस परत यायला निघाला तेव्हा टेकलानिका नदीला पाणी चढलं होतं, म्हणून तो मागे फिरला. पिक्चरमध्ये हे आहे. पण तिथून मैलभरही लांब नाही अशा ठिकाणी नदीवरून जायला तारेवरची पाळणी होती, हे पिक्चरमध्ये नाही. पुस्तकात आहे. त्याच्याकडे नीट नकाशा असता तर दिसली असती. हे कळलं की तो शेवट निसर्गाशी झालेली भव्य झुंज राहत नाही. नकाशा नसलेला एक भुकेला मुलगा राहतो. पेनला तो मुलगा पुरेसा वाटला नाही, त्याला संत हवा होता. माझी मुख्य तक्रार ही.

या तक्रारीला दादाचं उत्तर ठरलेलं असतं.

‘अगं, तो मेला म्हणून पिक्चर वाईट होत नाही.’

‘मेला म्हणून चांगला ठरलाय, हा माझा मुद्दा आहे.’

आणि याची किंमत दुसऱ्यांनीही दिली. पिक्चरनंतर जगभरातून लोक ती बस बघायला जायला लागले. २०१० आणि २०१९ मध्ये दोन तरुण मुली तिकडच्या वाटेवर, त्याच नदीत, वाहून गेल्या. कितीतरी जणांना सुटका पथकाने बाहेर काढलं. शेवटी जून २०२० मध्ये चिनूक हेलिकॉप्टरने बसच उचलून नेली. आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या संग्रहालयाकडे आहे.

दादाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. २०१४ मध्ये करीनने स्वतःचं पुस्तक लिहिलं. घरात वडील आईला आणि मुलांना मारायचे, हे तिने त्यात उघडपणे सांगितलं. पिक्चरमध्ये याची झलक आहे, पण झलकच. म्हणजे क्रिस फक्त पैशाला आणि करिअरला कंटाळून निघाला नव्हता. काही घरांतून पळावंच लागतं, आणि तिथे ‘आईला कळवून जा’ हे सांगणं सोपं नसतं. पिक्चरने हे ठळक केलं असतं तर मी त्याला पूर्ण मार्क दिले असते. आपल्या रील्समध्ये मारहाण नाही, बर्फ आहे. कारण बर्फ सगळ्यांना आपलासा वाटतो, ज्यांना घरात कोणी हातही लावला नाही त्यांनाही.

मरायच्या आधी क्रिसने एका पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं होतं की आनंद वाटला तरच तो खरा. टीशर्टवर छापायला ते छान आहे. पण हेच त्याला वेन, जॅन आणि रॉन आधी, फुकट, जेवायला वाढून सांगत होते.

तेव्हा माझा निकाल असा: अलास्का ओव्हररेटेड, रस्ता अंडररेटेड. बघा जरूर, पण करीनचा आवाज ऐकत बघा.

दादा अजूनही वर्षातून दोनदा एकटा सह्याद्रीत जातो. निघताना मला लाइव्ह लोकेशन पाठवतो आणि खाली लिहितो, ‘सुपरट्रॅम्पला हे अजिबात आवडलं नसतं.’ मी थम्ब्स अप टाकते. रेंज गेली की तो ठिपका एका जागी थांबतो, आणि तो पुन्हा हलेपर्यंत मी फोन खाली ठेवत नाही.