वालाची साल आणि पत्र्याचा डबा

रोहा,
८ फेब्रुवारी

चि. बयो हीस,


तुझं पत्र आलं तेव्हा मी ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसले होते. हात तसेच पदराला पुसले आणि वाचायला घेतलं. टेक्ससमध्ये तुमचं बस्तान बसलं, दोघांच्या नोकऱ्या मार्गी लागल्या, हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी तू जे विचारलंस ते चार दिवस मनात घोळतंय. तू लिहिलंस, "आत्या, कपाटात राजम्याच्या चिलीचे सहा डबे आहेत. झाकण उघडलं, गरम केलं, जेवण तयार. वालाच्या बिरड्याला तीन दिवस लागतात. एवढा फरक पडतो का गं खरंच?"

माझी आई असती तर एका शब्दात "पडतो" म्हणून मोकळी झाली असती. तू मात्र दिवसभर राबून रात्री आठला घरी येतेस. तुला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी डब्याबद्दल बोलते, कारण त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. निकोला अ‍ॅपेर नावाच्या एका फ्रेंच हलवायाने बाटलीत अन्न घालून, बूच घट्ट बसवून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवून पाहिली. अन्न महिनोन्‌महिने टिकलं. त्याबद्दल १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला बारा हजार फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. अन्न का टिकतं हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं; ते पुढे पन्नासेक वर्षांनी पाश्चरच्या कामातून कळलं. डबा उघडायचं हत्यारही तेव्हा निघालं नव्हतं. सुरुवातीचे डबे छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत.

त्या डब्याने कितीतरी माणसं जगवली आहेत. सीमेवरच्या आपल्या जवानांसाठी टिकाऊ जेवणाची पाकिटं तयार व्हावीत म्हणून म्हैसूरला १९६१ पासून संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा काम करते. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला तेव्हा घराघरांतल्या चुली, शेगड्या, धान्याच्या कोठ्या, सगळं चिखलात गेलं. अशा वेळी फोडून खाता येईल असं पाकीट हाच देव असतो. दमून घरी आलेल्या बाईच्या दाराशीही रोज एक लहानसा पूर उभा असतो, हे मला कळतं. म्हणून डबा उघडलास तर अपराध्यासारखं वाटून घेऊ नकोस.

आता वालाचं सांगते.

भातकापणी झाली की खाचरात ओल उरते. तेवढ्या ओलीवर आपल्याकडे वाल पेरतात. त्याला पाटाचं पाणी लागत नाही, खताची फार अपेक्षा नसते. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर तो वाढतो, आणि मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देऊन जातो. आता शेंगा भरल्यात. रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या शेतात पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी किंवा कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडकं पालथं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. लहानपणी तू पेणहून फक्त पोपटीसाठी माझ्याकडे यायचीस आणि मडकं फोडायच्या आधीच पेंगायचीस.

अजून काही दिवसांनी शेंगा वाळतील. मग सकाळी दव असतानाच वेल उपटायचे, म्हणजे शेंगा तडकत नाहीत. खळ्यात झोडपायचे, ऊन द्यायचं, राख लावून डब्यात भरायचे. वर्षभराची बेगमी झाली. ह्या बेगमीला काय काय लागलं नाही ते बघ. कारखाना लागला नाही, पत्रा लागला नाही, वीज लागली नाही, तरी दाणा वर्षभर टिकला. त्याची साल हाच त्याचा डबा. फार जुना डबा आहे हा. दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननातसुद्धा वालाचे दाणे सापडले आहेत.

ह्या दोन डब्यांत जो फरक आहे, तोच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. पत्र्याचा डबा अन्न टिकवतो ते आतला जीव मारून. दाण्यांच्या, मांसाच्या डब्याला साधारण १२१ अंशांची दाबाखालची वाफ द्यावी लागते, कारण विषबाधा करणाऱ्या काही जंतूंची बीजं साध्या उकळीने मरत नाहीत. ते आवश्यकच आहे. वालाची साल मात्र आतला जीव झोपवून ठेवते. तिला कोमट पाणी मिळालं की तो जागा होतो, मोड काढतो. पत्र्याचा डबा एका मिनिटात उघडतो. वालाचा डबा उघडायला दोन दिवस लागतात, कारण आतलं जागं व्हायला तेवढा वेळ लागतो.

हे उघडणं तू आईचं पाहिलं आहेस, पण हाताने केलेलं नाहीस, म्हणून लिहून ठेवते. कडवे वाल घे, गोडे नकोत. कडवे आकाराने लहान असतात आणि बिरड्याची चव त्यांचीच. रात्री कोमट पाण्यात भिजत घाल. सकाळी पाणी ओतून टाक, दोनदा धू. त्याबरोबर थोडा कडवटपणा जातो. ओल्या फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधून उबेला ठेव. रोह्यात एका दिवसात मोड येतात. तुमच्याकडे थंडी असेल तर ओव्हन न पेटवता नुसता आतला दिवा लावून त्यात ठेव, दीड दिवस लागेल. मोड आले की दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात टाक. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये दाणा धरून हलकेच दाब. साल हातात राहते, डाळिंबी सुळकन बाहेर येते.

पातेल्यात तेल तापलं की हिंग, हळद, तिखट. त्यावर डाळिंब्या. परतायला डाव घालू नकोस, डाळिंब्या मोडतात. पातेलं फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून हलव. झाकणात पाणी ठेव आणि तेच गरम झालेलं पाणी लागेल तसं आत घाल. आमसूल आणि गूळ डाळिंबी शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर दाणा दडस राहतो, मग कितीही उकळ. शेवटी जिरं घालून वाटलेलं ओलं खोबरं, मीठ, वर कोथिंबीर. आपल्याकडे श्रावणी सोमवारी ह्यात कांदा पडत नाही. एरवी तुला आवडत असेल तर घाल. बिरडं जमलं की नाही ह्याची परीक्षा एकच: डाळिंबी दिसायला अखंड हवी आणि जिभेवर ठेवताच विरघळायला हवी.

ही परीक्षा बंद डबा पास होऊ शकत नाही. मागे पुण्याहून येताना एका दुकानातून मी डाळिंबी उसळीचं तयार पाकीट आणलं होतं. मोठ्या अपेक्षेने फोडलं. आत पिवळसर लगदा होता. डाळिंबी कुठली आणि वाटण कुठलं कळेना. चव तिखटमिठाची होती, वालाची नव्हती. नंतर विचार केला तेव्हा त्यात नवल वाटलं नाही. तुझ्या चिलीतल्या राजम्याच्या अंगावर जाड साल असते, म्हणून तो त्या वाफेला टिकतो. डाळिंबी आपण सोलून उघडी केलेली असते. तिला तेवढी आच सोसत नाही. काही पदार्थ डब्यात जाण्यासारखे असतात आणि काही नसतात, एवढी साधी गोष्ट आहे.

पाकीट म्हणजे वाईट असंही समजू नकोस. तू पेणची आहेस. पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया यांवर आपल्या गावातल्या कितीतरी बायकांनी घरं चालवली, मुलं शिकवली. ते पापडही पाकिटातूनच मुंबई-पुण्याला जातात. पण त्या पाकिटात पीठ मळणाऱ्या, लाट्या करणाऱ्या, उन्हात पापड उलटणाऱ्या हातांचं काम असतं, आणि पापड हा मुळात टिकण्यासाठीच जन्मलेला पदार्थ आहे. म्हणून पाकीट बघू नकोस, पाकिटात काय टिकवलंय ते बघ.

ते बघायचं कसं, तेही सांगते. डब्यावरच्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, तुमच्याकडेही आणि आपल्याकडेही. पहिले तीन शब्द वाच. पाणी, पीठ, साखर आधी आणि दाणे मागे असले तर तू दाण्यांचे पैसे देऊन घट्ट केलेलं पाणी घेते आहेस. मग सोडियम बघ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे साधारण चमचाभर मीठ. तयार चिलीच्या एका डब्यात त्यातला बराच वाटा संपून जातो. त्यापेक्षा नुसत्या उकडलेल्या दाण्यांचा डबा आण, पाणी ओत, दाणे नळाखाली धू. मीठ बरंच कमी होतं. मग त्यात तुझा कांदा, तुझा टोमॅटो, तुझं तिखट घाल. ही मधली वाट आहे, आणि आठवड्यातल्या पाच दिवसांसाठी चांगली वाट आहे. भारतीय दुकानात गोठवलेले मोड आलेले वाल मिळाले तर तेही बिनधास्त घे. गोठवण्यात तेवढी आच नसते, डाळिंबी बरीचशी शाबूत राहते. मात्र फुगलेला डबा कधीही उघडू नकोस, चाखून बघू नकोस, तसाच टाकून दे.

आणि तुझ्या त्या चिलीविषयी. तिच्यावर रागावू नकोस, ती डब्यात जन्मलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी शेगड्या मांडून ती विकायच्या. १९३० च्या दशकात आरोग्याचे नियम पुढे करून त्यांच्या शेगड्या उठवल्या. १९७७ साली टेक्ससने तिला राज्याचा पदार्थ म्हणून मान दिला. तिथली जुनी माणसं आजही चिलीत दाणे घालावेत की नाही ह्यावर हिरिरीने भांडतात म्हणे. भांडतात म्हणजे त्यांना ती प्रिय आहे. तुझ्या कचेरीतल्या कुणाच्या घरी ती अजून पातेल्यात रटरटत असेल, तर जाऊन बघ, शिकून घे. तिची मिरची आपल्याला परकी नाही. ती अमेरिकेतूनच पोर्तुगिजांबरोबर हिंदुस्थानात आली. त्यांचा कोट आपल्या कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंड्याला अजून उभा आहे. तिकडची मिरची आपल्या बिरड्यात मुरली. आता तिकडच्या स्वयंपाकघरात आपला वाल जाऊ दे.

फरक पडतो का, असं तू विचारलंस. पोट भरण्यात पडत नाही. डबा तुझा वेळ वाचवतो, आणि तुला वेळ वाचवायची गरज आहे. पण वाल सोलताना माझी आई माझ्याशेजारी बसायची. त्या तासाभरात घरात कुणाचं काय चाललंय ते मला कळायचं, आणि मी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मिळायची. तुझ्या आईची आणि माझी मैत्री झाली तीही पेणच्या माजघरात, मध्ये वालाचं ताट ठेवून. ती नव्याने घरात आली होती, बुजरी होती. सालं काढता काढता बोलायला लागली. हे डब्यात भरता येत नाही. आणि आम्ही बायकांनी वाल विकत घेणं सोडलं, तर भातानंतर ओलीवर वाल पेरणारा शेतकरी तरी कशासाठी पेरील? खाचर मोकळं राहील. मग चार पिढ्यांनी जपलेलं बी दोन-चार वर्षांत संपेल. झोपलेला जीव फार काळ झोपून राहत नाही. त्याला पुन्हा मातीत जावं लागतं.

म्हणून रोज कर असं मी म्हणत नाही. महिन्यातून एकदा कर. एकटी करू नकोस. जावईबापूंना समोर बसव, त्यांच्याही बोटांना सालं लागू देत. पहिल्या वेळी डाळिंब्या मोडतील, दुसऱ्या वेळी कमी मोडतील.

शुक्रवारी रात्री वाल भिजत घातलेस तर रविवारी रात्री पानात बिरडं येतं. येत्या शुक्रवारी घाल, आणि कसं झालं ते मला लिही.

तुझी,
आत्या