पोपटपंची म्हणू नका

‘ऑटिझम असलेली मुलं बोलायला कशी शिकतात, ते सोप्या भाषेत लिहा, तांत्रिक काही नको,’ असं संपादकांनी बजावलंय. पण ‘इकोलेलिया’ वगळून यावर लिहिणं मला तरी जमणार नाही. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं, लगेच किंवा महिन्यांनी, म्हणजे इकोलेलिया.

सध्या माझ्याकडे येणारा पाच वर्षांचा मुलगा तहान लागली की फ्रिजला हात लावून विचारतो, “पाणी देऊ का तुला?” सूर हुबेहूब आईचा. माझ्याकडून निघायचं असलं की चपला पुढे धरून म्हणतो, “मी येते हं!” आधीच्या केंद्रात सांगितलं होतं, ही पोपटपंची मोडा, असं बोलला की लक्षच देऊ नका. तेव्हा त्याचं बोलणं थांबलं आणि तो हात चावायला लागला. आईवडील आले ते चावण्याची तक्रार घेऊन.

याचा राग येतो, कारण हे कोडं फार पूर्वी सुटलंय. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं. त्यातला पॉल काही फेकावंसं वाटलं, की कुत्रा बाल्कनीतून टाकू नकोस, असं म्हणायचा. वरवर असंबद्धच. पण कॅनर यांनीच १९४६ मध्ये उलगडा केला: पूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा बाल्कनीतून सारखा खाली टाकायचा, तेव्हा आईने त्याला असं दटावलं होतं. आता तो स्वतःलाच दटावत होता!

तरीही पुढे कित्येक वर्षं असं बोलणं बंद पाडणं हाच उपचार समजला गेला. १९८१ मध्ये प्रिझंट आणि डुकन या संशोधकांनी चार मुलांचे असे हजारावर उद्गार सूर, नजर, हालचालींसकट तपासले. सात प्रकार निघाले. कुठे मागणी, कुठे होकार, कुठे नुसती संभाषणातली आपली पाळी. एका प्रकारात मात्र काहीच हेतू दिसला नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

हे शेवटचं हल्ली कुणाला ऐकायचं नसतं. प्रत्येक उद्गारात गूढ अर्थ शोधून देणाऱ्या कोर्सेसचं सध्या पेव फुटलंय. बोलणं शिकण्याच्या त्यांच्या ठरीव पायऱ्यांना संशोधनाचा आधार तोकडाच आहे. पालक रील दाखवून विचारतात, “मॅडम, आमचा कितव्या पायरीवर?” मला खरंच सांगता येत नाही.

सांगते ते एवढंच. प्रश्न विचारून भंडावू नका. त्याला पाणी हवंय हे दिसलं, की त्याच्या जागी उभं राहून, त्याला म्हणता येईल असं वाक्य म्हणा: “मला पाणी हवंय.” मुलगा असेल तर ‘मी येतो’, ‘येते’ नव्हे. मग थांबा. त्याने बोलण्याऐवजी हातात चित्र दिलं तरी चालेल; चित्रांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. काही मुलं वाक्य मोडून नवं जुळवतात, काही कधीच बोलत नाहीत, आणि कोण कुठल्या वाटेने जाईल हे दोन-अडीच वर्षांच्या मुलाकडे बघून छातीठोकपणे सांगणाऱ्या तज्ज्ञाची फी मी तरी भरणार नाही.