लेखक : पारंपरिक

आमच्या भागातल्या एका तमाशा फडाचा वग मी माझ्या लेखात ‘पारंपरिक’ म्हणून छापला. तो वग पारंपरिक नव्हता. ज्याने तो लिहिला, तो माणूस माझ्यासमोर बसून माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होता. माझ्या चुकीची किंमत त्याने मोजली, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कुंडलला प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि एका साप्ताहिकाला बातम्या पाठवायचो. कुंडल म्हटलं की प्रतिसरकार, तुफान सेना, क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड, नाहीतर कुस्त्यांचं मैदान. माझं बहुतेक लिखाण याच विषयांवर असायचं. एका वर्षी संपादकांनी यात्रा विशेषांकासाठी तमाशावर लेख मागितला. विषय घरचाच होता. मराठीतला पहिला वग समजला जातो तो १८६५च्या सुमाराचा ‘मोहना बटाव’, आणि तो रचणारे उमाबाबू तासगाव तालुक्यातल्या सावळजचे. काळू-बाळू कवलापूरचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे आणि पठ्ठे बापूराव कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्षचे. एवढी माणसं आसपास झालेली असताना लेखाला सामग्री कमी पडणार नाही, असं मी धरून चाललो.

ज्यांच्याबद्दल हे सांगतो आहे ते एका फडाचे मॅनेजर होते. फडातली पोरंसोरं त्यांना मॅनेजरच म्हणत, मी नाना म्हणायचो. चैत्रात विट्याला फडांच्या राहुट्या लागल्या की नाना तिथे सतरंजीवर बसलेले असत. गावोगावचे पंच येत, खेळाची तारीख धरत, सुपारी ठरली की विसार देऊन जात. नानांच्या मांडीवर पुठ्ठ्याची एक जाडजूड वही असे. मागच्या बाजूने उघडली की हिशेब : कुणाला किती उचल दिली, ट्रकचं भाडं, तंबूवाल्याचे पैसे, डिझेल. पुढच्या बाजूने उघडली की वग. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना ट्रक उलटा फिरू नये म्हणून तारखांची गुंफण तेच करत आणि नाचणाऱ्या बाईचं लेकरू आजारी पडलं तर दवाखान्यातही तेच जात.

खेळ सुरू झाला की ते पडद्याआड उभे राहत. गवळणीला पब्लिक चुळबुळ करायला लागलं की दोन बोटं वर करत. ढोलकीवाला समजून घेई आणि बतावणी आखडती होई. गावात शिरल्यावर त्यांची पहिली चौकशी ठरलेली : पाटील कोण, सरपंच कोण, भावकीत कुठली केस चालू आहे. त्यावरून त्या रात्रीपुरतं वगातल्या दुष्टाचं नाव बदलायचं. गावातल्या कुणाला आपलीच गोष्ट चालली आहे असं वाटून दगड पडू नयेत, आणि तरीही प्रत्येकाला ती आपल्या शेजारची वाटावी, हा तोल ते सांभाळत. फड उभा होता तो या माणसामुळे. हे मला आज दिसतं.

लेखासाठी मी राहुटीत गेलो तेव्हा फडमालक, सोंगाड्या आणि मुख्य नाचणारी बाई यांच्याशी सविस्तर बोललो. त्यांना बोलावून आणलं नानांनी, चहा मागवला नानांनी, वगाची गोष्ट समजावून सांगितली तीही नानांनीच. वही समोर होती. मी ती मागच्या बाजूने चाळली, उचलीचे आकडे उतरवून घेतले. पुढची पानं उघडली नाहीत. निघताना ते म्हणाले, “गुरुजी, वग कुणी लिवला त्ये बी घाला की.” मी म्हटलं, “घालतो, नाना.” कुणी लिहिला, हे विचारलं नाही.

लेखाचा जवळजवळ अर्धा भाग मी पठ्ठे बापूरावांना दिला. १८६६ साली कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेला श्रीधर, जातीची चौकट मोडून तमाशात गेलेला, संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाच्या पवळेबरोबर उभ्या महाराष्ट्रात गाजलेला. कोल्हापूरला शाहू महाराजांपुढे झालेला मिठाराणीचा वग, दोन लाख लावण्या रचल्याची आख्यायिका, १९४५ साली पुण्यात हलाखीत आलेला मृत्यू. सगळं मी तन्मयतेने लिहिलं. बापूराव स्वतः रचत, फड चालवत, माणसं घडवत. पण मला भुरळ पडली ती प्रीतीची आणि विपन्नावस्थेची. लेख संपत आला तेव्हा रात्र झाली होती आणि आमच्या फडाच्या वगापुढे काहीतरी लिहायला हवं होतं. फडाचा मॅनेजर म्हणजे हिशेबाचा माणूस, वग पिढ्यान्पिढ्या चालत आलेला, असं मी मनाशी धरलेलंच होतं. मी ‘पारंपरिक वग’ असं लिहिलं आणि ते मला अभ्यासू वाटलं.

ते कॅसेटचे दिवस होते. यात्रेत, एसटी स्टँडवर, पानाच्या टपरीवर तमाशाच्या कॅसेटी वाजायच्या. दोन-तीन वर्षांनी एका कंपनीने तोच वग दुसऱ्या फडाकडून करून घेतला. कव्हरवर कलाकारांची नावं, मालकाचा फोटो आणि खाली ‘लेखक : पारंपरिक’. नाना त्यांच्या ऑफिसात गेले तेव्हा तिथल्या माणसाने माझ्या लेखाचं कात्रण पुढे केलं. तुमच्याच फडावरचा लेख आहे, तुमच्याच गुरुजींनी लिहिलाय, असं सांगून त्यांना परत लावलं.

ते कात्रण आणि कॅसेट घेऊन नाना माझ्या घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

“गुरुजी, माजी वही हाय. पर वहीला कोण इचारतंय? तुमचं छापल्यालं हाय.”

आवाज चढला नाही. मी लगेच दुरुस्ती पाठवली. ती शेवटच्या पानावर दोन ओळींत आली. कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. वकील लावण्याइतके पैसे नानांकडे नव्हते, आणि माझी चूक असूनही ते पैसे मी उभे केले नाहीत. बदलीच्या आणि घरच्या कारणांची ढाल पुढे केली. पहिल्या चुकीत अज्ञान तरी होतं, या दुसऱ्या चुकीत तेही नव्हतं.

त्यानंतर नानांनी नवा वग लिहिला नाही. वहीची मागची बाजू भरत राहिली, पुढची तिथेच थांबली.

लावणीकाराने आपली सोय करून ठेवली होती, हे मी पुढे शिकलो. रामजोशी, होनाजी, परशराम, पठ्ठे बापूराव, सगळे शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात. लावणी कुणीही गावो, नाव बरोबर जातं. वगाला अशी जागा नाही. त्यातले संवाद रंगमंचावर वाढतात, बदलतात, नट आपल्या पदरचं घालतो. लिहिणाऱ्याचं नाव टिकायचं तर ते कुणीतरी बाहेरून नोंदवावं लागतं. ती नोंद करण्याचं काम त्या दिवशी माझं होतं.

माझा पुतण्या पुण्यात एका बँडमध्ये गिटार वाजवतो. नानांची गोष्ट ऐकून त्याने मला सँडी पर्लमन या अमेरिकन माणसाबद्दल सांगितलं. ब्लू ऑयस्टर कल्ट या रॉक बँडचा तो मॅनेजर, निर्माता आणि गीतकार. बँडचं नावसुद्धा त्याच्याच कवितेतून आलेलं. मंचावर तो नव्हता, पण १९७२च्या पहिल्या रेकॉर्डपासून त्याचं नाव निर्माता म्हणून आणि गीतकार म्हणून छापलेलं आहे. २०१६ साली तो गेला तेव्हा त्याचं काम काय होतं, हे त्या छापील नावांवरून कुणालाही सांगता आलं. नाना आणि तो एकाच जातकुळीचे. एकाच्या नावापुढे त्याचं काम लिहिलेलं होतं, एवढाच दोघांतला फरक.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिखाणावरचा हक्क ते लिहिलं जाताच लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर तो ६० वर्षं वारसांकडे राहतो. हे मी वाचलं तोवर नाना गेले होते. मी त्यांच्या मुलाकडे गेलो. वही जपून ठेवलेली होती. या वेळी ती पुढून उघडली. अक्षर नानांचं, खाडाखोड नानांची, समासात कुणी कुठून यायचं याच्या खुणा. मग मागची पानं पाहिली. हिशेबात एका ओळीत होतं : ‘नवा वग, तालीम, चहापाणी’, पुढे रक्कम आणि तारीख. ही तारीख माझ्या लेखाच्या किती तरी आधीची. जे आकडे मी तेव्हा उतरवून घेतले होते, त्यांच्याच खाली ती ओळ होती.

कॅसेट कंपनी केव्हाच बंद झाली, पण तो आवाज आता मोबाईलवर फिरतो आणि तिथेही लेखकाच्या जागी ‘पारंपरिक’च आहे. ते बदलून नानांचं नाव घालावं म्हणून मुलाने अर्ज केला आहे. सोबत वहीच्या पानांच्या प्रती आहेत, आणि त्या लेखात मी न विचारता, न पाहता चुकीचं लिहिलं, असं माझं प्रतिज्ञापत्र.