कोचचा रविवार

टेनेसी राज्याच्या पूर्व भागातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवत होते. तिथे उत्क्रांती म्हणजे ‘लामार्क आणि डार्विन यांच्यातला फरक स्पष्ट करा’. फळ्यावर घोड्याच्या खुरांच्या आकृत्या काढायच्या, मुलांनी त्या वहीत उतरवायच्या, की प्रकरण संपलं. ते कुणाला पटलंय का, असं ना मुलं विचारत ना आम्ही. परीक्षेला येणार का, एवढंच सगळ्यांना हवं असे.

इथे रुजू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच, एप्रिल २०१२ मध्ये, नॅशव्हिलला राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा केला. तो दोन्ही सभागृहांत तीनास एक अशा बहुमताने मंजूर झाला होता. गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी त्यावर सही केली नाही आणि नकाराधिकारही वापरला नाही. चांगल्या कायद्याने स्पष्टता यावी, गोंधळ वाढू नये, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्यांनी मुदत उलटू दिली आणि कायदा सहीविनाच लागू झाला. आपल्याकडच्या ग्रामसभांत असे पुष्कळ ठराव पाहिले असल्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

कायदा मी मुद्दाम छापून घेऊन वाचला. दीड-दोन पानांचाच आहे. काही वैज्ञानिक विषयांवर वाद होऊ शकतात, असं म्हणून त्यात चार नावं दिली आहेत: जैविक उत्क्रांती, जीवसृष्टीची रासायनिक सुरुवात, जागतिक तापमानवाढ आणि मानवी क्लोनिंग. अशा सिद्धांतांच्या वैज्ञानिक जमेच्या आणि कमकुवत बाजू विद्यार्थ्यांना तपासायला शिक्षकाने मदत केली, तर त्याला कुणी अडवायचं नाही. अभ्यासक्रमाची चौकट मात्र सोडायची नाही. शेवटी एक कलम असंही, की यातून कुठल्याही धार्मिक मताचा प्रचार अभिप्रेत नाही. देवाचं नाव कुठेच नाही, बंदी कशावरच नाही, सक्तीही नाही.

हे गुळगुळीतपण आपोआप आलेलं नाही. १९२५ साली याच राज्यात बटलर कायदा झाला. माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवणं त्याने गुन्हा ठरवलं. डेटन गावात जॉन स्कोप्सवर खटला चालला आणि त्याला शंभर डॉलर दंड झाला. पन्नास डॉलरच्या वरचा दंड ज्यूरीने ठरवायचा असतो आणि इथे तो न्यायाधीशाने ठरवला, या तांत्रिक कारणावरून वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला, पण कायदा तसाच ठेवला. तो मागे घेतला गेला १९६७ मध्ये. पुढे १९७३ मध्ये बायबलमधल्या उत्पत्तिकथेलाही पुस्तकात तेवढीच जागा द्या, असा कायदा झाला. दोन वर्षांत संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. लुइझियाना राज्याने १९८१ मध्ये तसलाच प्रयत्न केला, तो १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पडला. प्रत्येक हरलेल्या खटल्यागणिक पुढच्या मसुद्यातून पकडीत येण्यासारखा एकेक शब्द गळत गेला. २०१२ चा कायदा त्या गाळणीतून खाली उतरलेला आहे.

डेटन आमच्यापासून फार लांब नाही. दुसऱ्या मजल्यावरची ती कोर्टाची खोली अजून आहे आणि तळघरात छोटं संग्रहालय आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हिरवळीवर फक्त ब्रायन यांचा पुतळा होता. बायबलच्या बाजूने उभे राहिलेले वकील ते. समोरच्या बाजूचे क्लॅरेन्स डॅरो २०१७ मध्ये आले. मला त्या संग्रहालयात सगळ्यात गंमत वाटली ती स्कोप्सच्या नोकरीची. तो मुळात फुटबॉल कोच. जीवशास्त्राचा तास त्याने बदली शिक्षक म्हणून घेतला होता. आजही इथल्या कितीतरी शाळांत जीवशास्त्राचा एक तरी शिक्षक कोच असतोच.

आमच्याकडेही आहे. माझ्या शेजारच्या खोलीतला. कायदा लागू झाला तेव्हा मुख्याध्यापकांनी बैठकीत एका वाक्यात विषय संपवला होता: ‘काहीही बदललेलं नाही, तुम्ही जसं शिकवता तसंच शिकवत राहा.’ मी तसंच शिकवत राहिले. कोचही तसाच शिकवत राहिला, म्हणजे पेशी आणि आनुवंशिकता मन लावून आणि उत्क्रांती मे महिन्यात, उरलेल्या वेळात. तो वेळ उरायचा नाही. पुढच्या वर्षी त्याची मुलं माझ्या वरच्या वर्गात आली की मला लगेच कळायचं. जनुकांची कोष्टकं त्यांना तोंडपाठ, पण नैसर्गिक निवड म्हटलं की ती एकमेकांकडे बघत.

मला वाटायचं, त्याचा यावर विश्वास नसेल. एकदा कॉफी पिताना सरळ विचारलं.

‘विश्वास कसला? मला पुरावे माहीत आहेत,’ तो म्हणाला. ‘पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आईवडिलांना मी रविवारी भेटतो. चर्चमध्ये एकाच बाकावर बसतो. तुझं बरं आहे, तुझा रविवार मोकळा आहे.’

ते खरंच होतं. माझा रविवार मराठी मंडळात जातो. तिथे एक ज्येष्ठ काका मला दरवेळी ऐकवतात, की मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम म्हणजे डार्विनच, आपल्याकडे आधीच होता. मी त्यांना श्रीखंड वाढते. त्यांच्यामुळे माझी नोकरी धोक्यात येत नाही.

नंतर एका प्रशिक्षणात पेन्सिल्व्हेनियातल्या बर्कमन आणि प्लुट्झर या दोन अभ्यासकांची पाहणी वाचायला मिळाली. नऊशेवर शिक्षकांना विचारून केलेली ती पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली होती. ठामपणे उत्क्रांती शिकवणारे जीवशास्त्र शिक्षक २८ टक्के, उघडपणे निर्मितीवाद मांडणारे १३ टक्के. उरलेले सुमारे ६० टक्के बाजू न घेता अंग काढून घेणारे. कोच त्या साठ टक्क्यांतला. हे आकडे २०१२ च्या आधीचे, त्यामुळे कायद्याने त्याला भित्रं केलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या भिडेला कायद्याने छप्पर दिलं, इतकंच.

छप्पर मलाही मिळालं, हे मात्र बिल मांडणाऱ्यांच्या मनात नसावं. एका वर्षी एक आई भेटायला आली. अतिशय नम्र बाई. उत्क्रांतीच्या प्रकरणापुरतं मुलाला लायब्ररीत बसू द्याल का, म्हणाली. मी राज्याच्या परीक्षेत त्यावर प्रश्न असतात हे सांगितलं आणि कायद्याची प्रत पुढे केली. तिने ती सावकाश वाचली.

‘म्हणजे तुम्ही कमकुवत बाजूही सांगाल?’

‘जे अजून ठाऊक नाही, ते सांगते. पहिली पेशी नेमकी कशी झाली, हे अजून उलगडलेलं नाही. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते का, हे मात्र त्या यादीत नाही.’

मुलगा वर्गात बसला. ‘मॅम, हे सगळं घडताना तुम्ही तिथे होतात का?’ हा इथला ठरलेला प्रश्नही त्यानेच विचारला. मी जम्मू-काश्मीरच्या कालाकोटमधल्या खडकांत सापडलेल्या इंडोह्यसचं चित्र दाखवलं. मांजराएवढा खुरवाला प्राणी, पण कानाचं हाड देवमाशासारखं. ते खडक रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने गोळा केले होते, आणि त्यांच्या पोटात काय आहे हे कळायला २००७ उजाडलं. मग म्हटलं, इतक्या लांब कशाला, आपल्याच राज्यात ग्रे गावाला चला. २००० साली तिथे रस्ता रुंद करताना टॅपिरची आणि पुढच्या उत्खननात लाल पांडाच्या नातलगाची हाडं निघाली, काही दशलक्ष वर्षांपूर्वीची. टेनेसी सरकारने रस्ताच वळवला आणि जागा राखली. याच सरकारने पुढे तो कायदा केला, हे मी वर्गात म्हणाले नाही.

वाद भारतातही निघाला. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, डार्विन चुकीचा आहे. विज्ञान अकादम्यांनी निषेध केला. जुन्या सहकाऱ्यांनी मला ती बातमी ‘तुमच्या टेनेसीचा माणूस’ म्हणून पाठवली. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’मधली उत्क्रांती गळाली. अठराशेवर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. उत्क्रांती गाळायला तिथे विधेयक लागलं नाही की गव्हर्नर. महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात दोन्ही अजून एकत्र, पहिल्याच धड्यात आहेत, हे मी त्या सहकाऱ्यांना उलट कळवलं.

कोचशी मात्र वेगळंच जमलं. एका फेब्रुवारीत तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘ते प्रकरण माझ्या वर्गावर तू घेतेस? मी तुझ्याकडे बेडकाचं विच्छेदन घेतो. तुला ते आवडत नाही, मला माहीत आहे.’ मला खरंच आवडत नाही, फॉर्मॅलिनच्या वासाने डोकं उठतं. तेव्हापासून दर वसंतात आम्ही वर्ग बदलतो. कार्यालयाला आम्ही विचारलेलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. त्याच्या खोलीत मी शिकवत असताना पालकांपैकी कुणी काही बोललं, तर ‘ती परदेशी बाई घेते तो भाग’ असं सांगायची त्याला सोय झाली आहे. मला त्याचा राग येत नाही. गेल्या खेपेला वर्गाच्या मागच्या बाकावर तो स्वतःच येऊन बसला होता. बेडकांचं काम लवकर आटोपलं, म्हणाला.