शूर्पारकाहून नाणेघाटाकडे

आमचें आचोळें गांव सोपाऱ्याच्या शेजारचें. प्राचीन शूर्पारकाच्या भूमींत आमचा सारा जन्म गेला. पण ज्या वाटेनें तेथील माल सह्याद्रि चढून जुन्नर-पैठणास जात असे, तो नाणेघाट आम्हीं केवळ पुस्तकांत पाहिला होता. गतवर्षीं गौरी-गणपतीचें विसर्जन झालें, पितृपक्षास कांहीं दिवस अवकाश होता, तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, पाय चालताहेत तोंच चला." तो, आम्ही व आमचें कुटुंब असे तिघे पहांटेच मोटारीनें निघालों.

चिंचोटी, कामण, भिवंडी ह्या मार्गानें कल्याण गांठलें. सोपारें व कल्याण ह्या दोन्ही बंदरांचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत आहे. आज दोहोंच्या मध्यें मालमोटारींची अखंड रांग असते. मुरबाड मागें पडल्यावर मात्र दोहों बाजूंस भातशेतें डोलूं लागलीं, आणि माळशेज घाटांत तर ढग मोटारीच्या कांचेस येऊन टेकले. वळसा घेऊन घाटघरच्या पठारावर पोंचलों, तों सोनकीचीं पिंवळीं फुलें सर्वत्र उमललेलीं आणि धुक्यांतून जीवधन किल्ला डोकावत असलेला!

घाटाच्या तोंडाशीं दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें सांगतात. तेथून थोडें उतरलें कीं गुहा लागते. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय इत्यादि यज्ञ आणि दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची ती नोंद. ज्यांनीं १८८२ सालीं सोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्या पंडित भगवानलाल इंद्रजींनींच ह्याही लेखाचा अभ्यास केला होता.

आम्ही मोठ्या उत्साहानें यज्ञांचीं नांवें सांगत असतां कुटुंबानें विचारलें, "अहो, एवढे वेदोक्त यज्ञ, तर लेख संस्कृतांतच असेल?"

"नाहीं, प्राकृतांत."

"म्हणजे लोकांच्या बोलींत! आणि राणीला त्याची लाज नाहीं वाटली?"

आम्ही निरुत्तर झालों. पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत कादोडी बोलणारा एक मुलगा होता. घरच्या विहिरीवरील निबंधांत त्यानें चार ओळी आपल्या बोलींत लिहिल्या. आम्हीं त्यांवर तांबड्या शाईनें 'अशुद्ध' असा शेरा मारला, आणि तेवढ्यानें न भागून त्या वर्गापुढें मोठ्यानें वाचून दाखविल्या. मुलें हंसलीं. त्या दिवसापासून तो वर्गांत आपण होऊन कधीं बोलला नाहीं. संस्कृताच्या अभिमानानें केलेला हा अपराध त्या गुहेंत आमच्यासमोर उभा राहिला.

परतल्यावर पुढल्याच रविवारीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. त्यानें वांकून नमस्कार केला. आंतून त्याची लहान मुलगी आपल्या बोलींत कांहीं विचारीत बाहेर आली, तोंच तो हळूच तिला म्हणाला, "गुरुजी आलेत, नीट बोल."

क्षमा मागण्याकरितां योजलेलीं वाक्यें आमच्या ओठांतच राहिलीं. आम्हीं त्या मुलीस जवळ बसविलें आणि विचारलें, "बाळ, तुमच्या बोलींत विहिरीला काय म्हणतात?"

तिनें बापाकडे पाहिलें. त्यानें मान हालविली. मग ती बोलूं लागली, आणि आम्ही ऐकत राहिलों.