नायलॉन मांजा आणि हँडलवरची तार

डिसेंबर संपत आला की आमच्या नाशकात दुचाकींच्या हँडलवर एक वस्तू दिसायला लागते. या आरशापासून त्या आरशापर्यंत, डोक्याच्या वरून गेलेली उलट्या ‘यू’च्या आकाराची लोखंडी तार. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, हे लोक लग्नाची कमान घेऊन फिरतात की काय! कमानच आहे ती, पण गळ्यासाठी. रस्त्यावर आडवा आलेला मांजा आधी तारेला अडकावा, गळ्याला नाही, एवढंच तिचं काम.

आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच गाड्यांना मी ही तार बसवून दिलीय. काम अर्ध्या तासाचं आहे, घरी होतं, म्हणून आधी तेच सांगतो.

तार हाताने सहज वाकेल अशी घेऊ नका, बारीक सळईच घ्या. दोन्ही टोकांना आरशाचा बोल्ट जाईल एवढा डोळा करून घ्या. बऱ्याच गाड्यांच्या आरशाच्या नटला १४चा पाना लागतो. काही गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी बघून घ्या. डोळ्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा टाका, म्हणजे खडखड होत नाही. मग हेल्मेट घालून, नेहमी बसता तसे गाडीवर बसा. कमान हेल्मेटच्या वर गेलीच पाहिजे. छातीपर्यंतची तार लावून उपयोग नाही. मांजा तिच्यावरून सरकून सरळ गळ्याशी येईल. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. टाकीला घासत नाही ना, क्लचची केबल ताणत नाही ना? दोन दिवसांनी नट पुन्हा आवळा. आणि तार लावली म्हणून मफलर सोडू नका, वेगही वाढवू नका.

झाली सुरक्षा. आता पुढचं.

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. बंदी असलेल्या वस्तूपासून वाचायला मी २०१७ नंतरही दर वर्षी पाना घेऊन पार्किंगमध्ये का बसायचं?

पतंगाला माझा विरोध नाही. आमच्या जिल्ह्यातल्या येवल्याची संक्रांत बघितलेला माणूस पतंगाला विरोध करूच शकत नाही. पण सुती दोरा ताण आला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, ताणला जातो आणि कापत जातो. तो कुजतही नाही. संक्रांत संपल्यावरही झाडांवर, खांबांवर लोंबकळत राहतो आणि पक्ष्यांचे पंख कापतो. पक्ष्याला कोण तार लावणार? सायकलवरच्या शाळकरी पोराला? रस्ता ओलांडणाऱ्या आजीला?

जानेवारीत छापे पडतात, टपरीवाल्याकडून फिरक्या जप्त होतात, फोटो येतात. चांगलंच आहे. पण हा धागा टपरीत तयार होत नाही. तो कारखान्यात बनतो, ट्रान्सपोर्टने येतो, गोदामात उतरतो. तपासणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोदामांत व्हायला हवी. संक्रांतीच्या आठवड्यात पकडायचं म्हणजे माल विकून झाल्यावर दुकानाला कुलूप लावायचं.

करायचं ठरवलं तर होतं, हेही सांगतो. मागच्या चाकात साडी-ओढणी अडकून बायका पडायच्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ म्हणतो की मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण गाडीला हवं. म्हणजे साडी गार्ड. ती जबाबदारी गाडी बनवणाऱ्यावर टाकली. ‘ताई, ओढणी सांभाळा’ एवढ्यावर भागवलं नाही. मांजाच्या बाबतीत मात्र बनवणारा मोकळा, विकणारा जामिनावर आणि सळई वाकवायची आपण.

मला भीती वाटते ती सवयीची. उद्या कुणी नगरसेवक स्वतःचा फोटो लावून तारा फुकट वाटेल आणि आपण टाळ्या वाजवू. खड्डे आहेत म्हणून लेगगार्ड, रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून जादा लाइट, बंदी कागदावर आहे म्हणून तार. आपल्या गाड्यांवरची अर्धी ॲक्सेसरी म्हणजे कुणीतरी न केलेलं काम आहे.

तेव्हा मित्रांनो, तार लावाच. सातपूर-अंबडला शिफ्टला जाणाऱ्यांनी तर नक्की लावा. पण त्याच दिवशी घरातल्या पोराची फिरकी हातात घेऊन बघा. धागा झटका देऊन तुटला नाही, तर तो तुमच्याच घरात आहे. कुणी विकताना दिसला तर ११२ ला फोन करा. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारा की ऑक्टोबरमध्ये किती गोदामं तपासली.

तार बसवता येत नसेल तर रविवारी सकाळी सांगा. पाना माझ्याकडे आहे.